गोळी पोटात गेली, आता पुढची दहा मिनिटं : कुत्र्या-मांजरांनी चुकून जास्त औषध खाल्लं तर काय करायचं

सासूबाईंना दर रविवारी जेवणानंतर व्हिटॅमिन डी-थ्रीची साठ हजार युनिटची कॅप्सूल असते. चार कॅप्सूलची पट्टी येते. त्या रविवारी त्यांनी एक घेतली, पट्टी दिवाणावर उशीपाशी ठेवली आणि त्या हात धुवायला गेल्या. मुलुंडच्या आमच्या वन-बीएचकेत तो दिवाण म्हणजे चिकूची दुपारची झोपायची जागा. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा चिकू पुढच्या दोन पायांत पट्टी धरून तिचा चांदीचा कागद चाटत होता. उरलेले तिन्ही खळगे रिकामे, आणि चादरीवर तेलाचा एक छोटासा डाग.

चिकू बीगल आहे. तेव्हा अकरा किलोचा होता. त्याला काहीही झालेलं दिसत नव्हतं. शेपूट हलत होती, डोळे चमकत होते, अजून एखादी मिळते का म्हणून तो माझे हात हुंगत होता. आम्ही फसलो ते इथेच. वाटीभर दूध पाजलं आणि पंचवीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी डॉक्टरांना फोन लावला. त्याला काय होतंय, हे त्यांनी आधी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "वजन किती? कॅप्सूल किती युनिटची? किती गेल्या? किती वाजता?" चारांपैकी दोनच उत्तरं मला देता आली.

हिशेब असा निघाला. डी-थ्रीची ४०,००० युनिटं म्हणजे १ मिलिग्रॅम. तीन कॅप्सूल म्हणजे साडेचार मिलिग्रॅम. अकरा किलोच्या कुत्र्याला ते किलोमागे ०.४ मिलिग्रॅम पडले. कुत्र्यांमध्ये किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होऊ शकतो आणि ०.५ च्या आसपास रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं धोक्यात येतात. लक्षणं मात्र बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात. म्हणजे ज्या वेळात उपचार सर्वांत सोपे होते, नेमका तो वेळ आम्ही "बघू या, काही होतंय का" म्हणत घालवला.

म्हणून आधीच सांगते. प्राणी कसा दिसतोय यावर काही ठरवू नका. पोटात काय गेलं आणि किती गेलं, यावर ठरवा.

पहिली दहा मिनिटं

आधी प्राण्याला तिथून उचला आणि दुसऱ्या खोलीत बंद करा. खोली एकच असेल तर बाथरूममध्ये. घरात दोन प्राणी असतील तर दोघांना वेगवेगळं ठेवा आणि कोणी खाल्लं याची खात्री नसेल, तर सगळंच्या सगळं प्रत्येकाने एकट्याने खाल्लंय असं धरून चाला. तोंडात गोळीचा किंवा कागदाचा तुकडा दिसत असेल आणि तो शांतपणे काढू देत असेल तर काढा. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका.

मग मोजा. रिकामे खळगे, जमिनीवर सांडलेल्या गोळ्या, सोफ्याखाली घरंगळलेल्या गोळ्या, चावून थुंकलेले तुकडे. घरातल्या माणसांनी त्या दिवशी किती घेतल्या, हेही विचारा. आकडा नक्की लागत नसेल तर जास्तीत जास्त किती गेल्या असतील तो आकडा धरा. वेळेचंही तसंच. दुपारी बाराला घराबाहेर पडलात आणि तीनला परतलात, तर डॉक्टरांना "बारा ते तीनच्या मध्ये" असं सांगा. "आत्ताच" म्हणू नका.

पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. नाव महत्त्वाचं आहेच, पण त्याखालची बारीक अक्षरं त्याहून महत्त्वाची. एका नावाखाली दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात. आपल्याकडच्या कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे एका गोळीत दोन वेगळी विषं. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर ती आवर्जून सांगा. ती गोळी हळूहळू विरघळते, म्हणून त्रास उशिरा सुरू होतो आणि लांबतो. पट्टी चावून तुटली असेल तर तुकडे जुळवून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या धारदार कडा गिळल्या गेल्या असतील, तर अन्ननलिकेला इजा होण्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

वजन माहीत नसेल तर घरातल्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि पुढचा सगळा उपचार त्या आकड्यावर चालतो.

आता फोन. घाबरल्यावर माणूस गोष्ट पहिल्यापासून सांगत बसतो. त्याऐवजी एका दमात एवढंच सांगा: "डॉक्टर, बीगल आहे, नर, अकरा किलो. व्हिटॅमिन डी-थ्री, साठ हजार युनिटच्या तीन कॅप्सूल, पावणेदोनच्या सुमारास. आत्ता ठीक दिसतोय, उलटी नाही. दुसरं काही औषध चालू नाही. निघू का?" पहिला फोन उचलला गेला नाही तर दुसरा नंबर फिरवा, आणि तोवर चपला घाला. घरातला एक जण फोनवर आणि दुसरा गाडी शोधायला, अशी वाटणी झाली तर उत्तम.

उलटी झाली असेल तर ती पुसून टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून सोबत न्या. किती गोळ्या बाहेर आल्या हे तिच्यातूनच कळतं.

घरात काय करायचं नाही

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला सोसायटीत कोणीतरी देतंच. ऐकू नका. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं, सोडियम चढतं आणि मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. गोळीने वाचला असता तो प्राणी मिठाने जाऊ शकतो. घशात बोटं घालून उलटी काढायलाही जाऊ नका. तुमचा हात फाटेल आणि त्याच्या घशाला जखम होईल.

तूप, गोडेतेल, एरंडेल पाजायची पद्धत अजून आहे. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसं खराब करतं. दूध बहुतेक विषांवर उतारा नाही. आम्ही पाजलेल्या दुधाने चिकूला काडीचा उपयोग झाला नाही. चुलीतला कोळसा किंवा करपलेली भाकरी म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारा दवाखान्यातला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल नव्हे. तो वेगळ्या प्रक्रियेने तयार केलेला असतो आणि तोसुद्धा घरी पाजायचा नसतो, कारण चुकून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं.

परदेशी व्हिडिओंमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड दाखवतात. मांजराला ते कधीच द्यायचं नाही. कुत्र्यालाही डॉक्टर फोनवर स्वतः मात्रा सांगत असतील तरच, आणि तेही ३ टक्क्यांचंच. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा असतो. गुंगीत असलेल्या, झटके येणाऱ्या किंवा रॉकेल, अ‍ॅसिड, फिनेलसारखं काही प्यायलेल्या प्राण्याची उलटी काढायचीच नसते.

आणखी एक. एका औषधाचा परिणाम मारायला दुसरं औषध देऊ नका. पोट दुखत असेल म्हणून दिलेल्या पेनकिलरने मूळ दुखण्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

थेट उचलून पळायचं कधी

झटके, तोल जाणं, शुद्ध हरपणं, तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शी. यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका. पट्टी खिशात कोंबा आणि निघा, फोन वाटेत करा.

हिरड्या बघायला शिका. वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. फिकट, निळसर किंवा चॉकलेटी हिरडी ही तातडीची खूण. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. हे सगळं प्राणी ठणठणीत असताना एकदा करून ठेवलं तर आपल्या प्राण्याचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसतो.

झटके येत असतील तर जीभ धरायला जाऊ नका. गोधडीवर कुशीवर ठेवा, टॅक्सीत एसी लावायला सांगा. झटक्यांनी अंगाची उष्णता झपाट्याने चढते.

मांजर आणि तापाची गोळी

इथे मी जरा थांबणार आहे. कारण मुंबईतल्या घरांत प्राण्यांना सर्वांत जास्त घात होतो तो प्रेमाने दिलेल्या गोळीने.

कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपलं ९८.६. त्यामुळे ठणठणीत मांजराच्या अंगावर हात ठेवला तरी आपल्याला ते "तापलेलं" लागतं. त्यात ते दोन दिवस जेवलेलं नसलं, नाक कोरडं दिसलं, की घरातलं मोठं माणूस म्हणतं, ताप आलाय, अर्धी क्रोसिन द्या. ताप आहे की नाही हे थर्मामीटरशिवाय कळत नाही, आणि कोरड्या नाकाचा तर तापाशी काही संबंधच नाही.

आमच्याच मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या मनीला असंच केलं. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी, दुधात कुस्करून. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली तेव्हा मनीचं तोंड सुजून गोल झालं होतं, पंजे हातमोज्यांसारखे फुगले होते. मी तिचा ओठ उचलला. हिरड्या कॅडबरीच्या रंगाच्या. डॉक्टरांनी रक्त काढलं, तर सिरिंजमध्ये उतरलं तेही लाल नव्हतं, तपकिरी होतं. मनी पहाटे गेली. काकूंनी तिला सहा वर्षं स्वतःच्या ताटातला मासा भरवला होता. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होत्या, "अगं, मी तर अर्धीच दिली."

अर्धी म्हणजे किती, ते बघा. ५०० ची अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम. साडेतीन किलोच्या मांजराला ते किलोमागे ७१ मिलिग्रॅम झाले. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. डोलो-६५० ची एक अख्खी गोळी चार किलोच्या मांजराला किलोमागे १६२ मिलिग्रॅम पडते. आपलं यकृत ज्या मार्गाने पॅरासिटामॉलचा निचरा करतं, तो मार्ग मांजराच्या शरीरात जवळजवळ नसल्यासारखा असतो. मग औषधाचे विषारी घटक तांबड्या पेशींवर उलटतात, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, म्हणून ते तपकिरी दिसतं. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा नाही. पाव नाही, चिमूटभरही नाही.

कुत्र्यांना ते थोडं जास्त सोसतं, पण किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की यकृत धोक्यात येतं, आणि ते दिसायला एक ते तीन दिवस लागतात. लहान मुलांच्या ड्रॉप्सबद्दलही सावध राहा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. ड्रॉपर दिसायला एवढासा, पण दोन किलोच्या पिल्लाला त्याने भरलेलं एक मिलिलिटर म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम.

यावर उतारा आहे, आणि तो माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतो: एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. पहिल्या काही तासांत सुरू झाला तर जीव वाचू शकतो. छोट्या दवाखान्यात ते इंजेक्शन नेहमी असतंच असं नाही, म्हणून फोनवरच विचारा, "डॉक्टर, अ‍ॅसिटिलसिस्टीन आहे का? नसेल तर मला चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅप करा, मी येताना घेऊन येते." मुंबईत मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपास रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी मेडिकलची दुकानं असतात. रात्री दोन वाजता आपल्या परिसरातलं कोणतं उघडं असतं, ते आजच बघून ठेवा.

आणि गोळी तुम्ही स्वतः दिली असेल तर तसं सांगा. लाज वाटते, डॉक्टर रागावतील असं वाटतं, मग माणसं "काहीतरी खाल्लं असेल बाहेर" म्हणतात आणि उतारा मिळायला तीन तास उशीर होतो. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

घरातला औषधांचा डबा

दुखण्याच्या गोळ्या सर्वांत आधी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक कुत्र्यांच्या जठराला अल्सर करतात आणि मात्रा वाढली की मूत्रपिंडं बंद पाडतात. एक कॉम्बिफ्लाम दहा किलोच्या कुत्र्यात किलोमागे ४० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन टाकते, जठराला जखम व्हायला तेवढं पुरतं. मांजरं याबाबत कुत्र्यांहून नाजूक. काळी शी दोन दिवसांनी दिसू शकते, मूत्रपिंडाचा त्रास त्याहून उशिरा. सासूबाईंच्या गुडघ्यांना लावलेलं डायक्लोफेनॅकचं जेल कुत्रा आवडीने चाटतो, तेही पोटातच जातं. गुडघ्यांना जेल लावलं की पायावर कापड बांधायचं किंवा कुत्र्याला दूर ठेवायचं.

मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये नुसतं मेटफॉर्मिन असेल तर रक्तातली साखर फारशी उतरत नाही. पण आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्या घरोघरी आहेत, आणि ग्लिमेपिराइड साखर खाली ओढतं. प्राणी थरथरतो, लडखडतो, मलूल होतो. घरी करण्यासारखी जी मोजकी कामं आहेत त्यातलं एक इथे आहे: प्राणी शुद्धीवर असेल तर डॉक्टरांना विचारून मध किंवा ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि लगेच निघायचं. साखर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका, ती पुन्हा उतरू शकते.

रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः अ‍ॅम्लोडिपिन, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, या आकाराने इवल्याशा असतात. आकारावर जाऊ नका, एकच गेली असली तरी फोन करा. लोहाच्या गोळ्यांचा डाव फसवा असतो: आधी उलट्या, मग काही तास बरं वाटतं आणि त्यानंतर प्राणी अचानक कोसळतो. दम्याचा पंप कुत्र्याने दातांनी फोडला तर डझनावारी फवाऱ्यांचं औषध एका क्षणात तोंडात जातं, हृदय वेड्यासारखं धावू लागतं आणि पोटॅशियम उतरतं.

टकलावर लावायचं मिनॉक्सिडिल मांजरांसाठी प्राणघातक आहे. उशीला लागलेलं, हाताला राहिलेलं, डोकं चाटताना जिभेवर आलेलं, एवढंसंही. घरात मांजर असेल तर हे औषध वापरूच नका, असं मी स्पष्ट सांगते. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल कुत्र्यांची साखर अर्ध्या तासात उतरवू शकतं. काही सिरपांतही ते असतं, म्हणून लेबल वाचा.

सगळंच जीवघेणं नसतं, हेही सांगायला हवं. थायरॉइडची एखादी गोळी कुत्र्याने खाल्ली तर बहुधा फार काही होत नाही. कुत्र्यांना थायरॉइडसाठी दिली जाणारी मात्रा वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी मोठी असते. पण "बहुधा" कुठे लागू होतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. म्हणून फोन तेव्हाही करायचाच.

प्राण्यांचंच औषध जास्त झालं तर

पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि त्यासोबत चुकाही. अ‍ॅमिट्राझचं औषध पाण्यात नीट न मिसळता लावलं किंवा अंघोळीनंतर कुत्र्याने अंग चाटलं, की तो गळून जातो, नाडी मंदावते, अंग गार पडतं. जनावरांच्या गोठ्यासाठी मिळणारं तीव्र औषध अंदाजाने पातळ करून लावणं तर फार धोक्याचं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तर काही तासांत त्याचं सगळं अंग थरथरू लागतं. कातडीवर लागलेल्या अशा औषधाला भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुऊन काढायचं, मग कोरडं करून उबेत ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. झटके सुरू झाले असतील तर अंघोळ घालत बसू नका.

जंत-गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हौशीने द्यायचं औषध नाही. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांत आनुवंशिक दोषामुळे ते मेंदूत शिरतं.

इन्शुलिनवर असलेल्या प्राण्यांच्या घरी एक गोष्ट आजच तपासा. आपल्याकडच्या इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात, पण १०० च्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजमध्ये चार खुणा भरल्या तर दहा युनिटं जातात, अडीचपट. मेडिकलवाल्याने घाईत दुसरी सिरिंज दिली की घात झालाच.

आणि भरल्या घरातली नेहमीची चूक: सकाळी आईने दिलं, तासाभराने बाबांनी पुन्हा दिलं. आमच्याकडे औषध देणाऱ्याने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची. फुली नसेल तरच डबी उघडायची.

मुंबईत न्यायचं कुठे

परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय, मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८८६ साली स्थापन झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच परळला. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण मुलुंड, बोरिवली किंवा वाशीत बसलेल्या माणसाने विषबाधेच्या वेळी पहिल्या झटक्यात परळ गाठायला निघू नये. पोटातलं औषध बाहेर काढायची उपयोगाची वेळ बहुतेक गोळ्यांसाठी पहिल्या एक-दोन तासांचीच असते आणि त्यातला तास रस्त्यावरच जातो. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं असेल, अंधेरी किंवा मिलन सबवे बंद असेल, तर विचारूच नका. आधी वीस मिनिटांच्या आतला दवाखाना, तिथे उलटी आणि सलाइन, आणि गरज पडली तर त्यांच्या चिठ्ठीसह मोठ्या रुग्णालयात.

म्हणून तीन नंबर हवेत: रोजच्या डॉक्टरांचा, घराजवळ रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा, आणि एका मोठ्या रुग्णालयाचा. तिन्हीकडे एखाद्या साध्या दिवशी फोन करून विचारून घ्या की रात्री डॉक्टर स्वतः हजर असतात का, आणि प्राण्याला भरती करून घेतात का. टॅक्सीवाला किंवा रिक्षावाला मोठ्या कुत्र्याला नाही म्हणतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. सोसायटीत कोणाची गाडी रात्रीही मिळू शकते, हे आधी बोलून ठेवलेलं बरं. मांजराला कॅरियर नसेल तर उशीचा अभ्रा चालतो, तोंड सैल बांधून.

इमारतीखालच्या कुत्र्या-मांजरांना खाऊ घालणाऱ्यांनीही हे नंबर जवळ ठेवावेत. त्यांच्या दुधात कोणी कळवळ्याने गोळी टाकली तर त्यांना उचलून न्यायला दुसरं कोणी नसतं.

दवाखान्यात आणि नंतर

डॉक्टर इंजेक्शनने उलटी काढतात, गरज असेल तर चारकोल देतात, सलाइन लावतात, रक्त तपासतात. प्राणी हसतखेळत असताना हे सगळं कशाला, असं वाटेल. चिकूची उलटी काढली तेव्हा पिवळसर चिकट पाण्यात कॅप्सूलची दोन मऊ कवचं निघाली, दोन्ही फुटलेली. आत किती शोषलं गेलं हे कोणालाच सांगता येणार नव्हतं, म्हणून त्याचं कॅल्शियम लागोपाठ चार दिवस तपासलं. तिसऱ्या दिवशी ते थोडं वर गेलं, सलाइन वाढवली, मग उतरलं.

घरी सोडताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: पुढची रक्ततपासणी कधी, लघवी किती वेळा आणि किती व्हायला हवी, आणि काय दिसलं तर रात्रीसुद्धा परत यायचं. दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर पुढचे चार-पाच दिवस शीचा रंग रोज बघा. घरच्या मनाने सुरू असलेली बाकीची औषधं, जंताची, कॅल्शियमची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

आमच्या घरी आता औषधं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओट्यावरच्या कपाटात असतात. सासूबाई गोळी ओट्यापाशी उभ्या राहून घेतात आणि डबा बंद केल्यावरच पाणी पितात. हातातून गोळी पडली तर "पडली!" असं ओरडायचं, हा आमचा नियम आहे. पाहुण्यांची पर्स सोफ्यावर राहत नाही, खुंटीला जाते, कारण पर्समध्ये हमखास एक पट्टी असते.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलाय. त्यावर तीन फोन नंबर, रात्रीच्या मेडिकलचा पत्ता, चालू औषधं आणि चिकूचं वजन. वजन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो, सासूबाईंच्या कॅप्सूलच्या वेळेलाच. मागच्या रविवारी ११.८ खोडून १२.४ लिहिलं.